मॅटलॅबमधला स्कॅनर, बोटावरचा सेन्सर

मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये सीटी स्कॅनची प्रतिमा उभी करताना वेगळे काही सांगितले नाही, तर 'रॅम-लॅक' हा फिल्टर वापरला जातो. हे नाव जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामचंद्रन यांनी रेणवीय जैवभौतिकीचा विभाग उभारला, त्याच सुमारास, १९७१ साली, दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण छाया नुसत्या एकमेकींवर पसरल्या, तर चित्र धूसर येते. प्रत्येक छाया आधी फिल्टरमधून काढली, तर कडा उमटतात. आणि त्यासाठी फूरिये रूपांतराचा लांबचा रस्ता धरावा लागत नाही, कन्व्होल्यूशनने भागते, असे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनजवळ विम्बल्डनच्या रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाचे डोके स्कॅन केले. त्या यंत्राचे गणित निराळे होते. पुढच्या स्कॅनरांनी मात्र कन्व्होल्यूशनची वाट धरली.

पदवीच्या वर्गात इमेजिंगचा हा विषय बऱ्याच उशिरा आला. कर्नाटकात वैद्यकीय उपकरणांच्या अभियांत्रिकी शाखेचे रूढ नाव 'मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स'. रामय्या, बीएमएस, दयानंद सागर या महाविद्यालयांत ती याच नावाने शिकवली गेली. १९९८ साली बेळगावला विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ निघाले आणि राज्यभरची अभियांत्रिकी महाविद्यालये एका छत्राखाली आली. शाखेच्या नावातच तिचे कूळ दिसते: मुळात इलेक्ट्रॉनिक्स, शरीरशास्त्र जोडीला. खांडपूर यांचा वैद्यकीय उपकरणांवरचा जाडजूड ग्रंथ देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती असे, तो इथेही होता.

इमेजिंग मात्र कागदावर आणि पडद्यावरच राहिले. क्ष-किरण यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफीची अडचण खास भारतीय आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, केंद्राने १९९४ साली. पुढच्या दुरुस्तीनंतर नोंदणी नसलेल्या कोणालाही हे यंत्र विकता येत नाही. महाविद्यालयाला ऑसिलोस्कोप सहज घेता येतो, सोनोग्राफी यंत्र नाही. त्यामुळे विद्यार्थ्यांचा 'रुग्ण' म्हणजे शेप आणि लोगन यांनी १९७४ साली लंबवर्तुळांतून रचलेले कृत्रिम डोके. खरे यंत्र दिसे ते रुग्णालयाच्या भेटीत, तेही बहुधा काचेपलीकडून.

सेन्सरची गोष्ट उलट घडली. एमआयटी-बीआयएच संग्रहातल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ ईसीजी नोंदी इंटरनेटवर फुकट मिळू लागल्या. १९८५ सालची पॅन-टॉम्पकिन्स पद्धत त्यांवर चालवून ठोके मोजणे हा प्रयोगशाळेतला नेमाचा धडा झाला. पुढे ईसीजीच्या चिप आणि नाडीचे सेन्सर बंगळूरच्या एसपी रोडवरच्या दुकानांत मिळू लागले. ऑक्सिमीटर तर जोडायला सोपा. तांबडा प्रकाश ऑक्सिजन नसलेले हिमोग्लोबिन जास्त शोषते, अवरक्त प्रकाश ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन. नाडीबरोबर हलणाऱ्या या दोन्ही संकेतांच्या गुणोत्तरातून ऑक्सिजनची पातळी निघते. हे तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांचे, १९७० च्या दशकातले. घरोघरी ते कळले २०२० च्या कोविड साथीत.

वर्गाबाहेर बंगळूर शहरही बदलत होते. १९९० साली विप्रो-जीई आली, २००० साली व्हाइटफील्डला जीईचे संशोधन केंद्र. तिथल्या अभियंत्यांनी केलेल्या 'मॅक ४००' या बॅटरीवर चालणाऱ्या ईसीजी यंत्रात बसतिकिटाच्या यंत्रातला छपाईचा भाग वापरला होता, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत बोलकी युक्ती. नंतर नव्या कंपन्या आल्या: डोळ्याचा पडदा टिपणारी फोरस (२०१०), गादीखालच्या पट्टीने हृदयाची कंपने ऐकणारी डोझी (२०१५), स्तनाच्या उष्णताचित्रांवर काम करणारी निरामई (२०१६). फोरस आणि निरामई यांची कामे इमेजिंगचीच, पण क्ष-किरणांवाचूनची. कॅमेरा आणि प्रोग्रॅमिंग एवढ्यावर अशा विषयाचा प्रकल्प विद्यार्थ्यालाही हाती घेता येतो.

२०१७ साली वैद्यकीय उपकरणांचे नियम आले आणि १ एप्रिल २०२० पासून सगळी उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत गेली. एसपी रोडवरचे भाग जोडून केलेला ऑक्सिमीटर प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत चालतो. तोच विकायचा, तर आधी त्याचा वर्ग ठरतो, मग चाचण्या आणि परवाना.