धान्यपरीक्षा : दाताची, नाकाची आणि यंत्राची

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे आमच्या गावाचे नाव वृत्तपत्रांतून दूरवर जाते. एरव्ही हे गाव धान्य, कापूस आणि संत्री यांच्या हिशेबात गढलेले असते. येथे माझे वडील घाऊक धान्याचा व्यापार करीत, आणि मॅट्रिक झाल्यानंतर मीही त्याच गादीवर बसलो. शास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या पुस्तकापुरता. तेव्हा संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लिहावयास सांगितले, त्या वेळी मी बाजारभावांवर चार शब्द लिहीन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून बसलेला विषय निराळाच आहे. विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून निघालेले संवेदक, ज्यांस इंग्रजीत सेन्सर म्हणतात, ते आपल्या गोदामाच्या दारापर्यंत कसे येऊन पोहोचले, हा तो विषय होय. आपल्या धंद्याशी त्याचा संबंध काय, असे विचारणाऱ्या बंधूंनी पुढील हकीकत वाचावी.

वडिलांनी मला धान्य पारखावयास शिकविले ते असे : मक्याचा दाणा दाताखाली धरावा, कट्‌कन फुटला तर सुका, दबला तर ओला. पोत्यात कोपरापर्यंत हात घालावा. आत ऊब लागली तर माल बिघडू लागला असे समजावे. मूठभर दाणे वरून ओतून त्यांचा आवाज ऐकावा, आणि सरतेशेवटी ओंजळ नाकाशी धरावी. ही विद्या खोटी नव्हती आणि आजही नाही. तथापि तीत एक उणीव होती, ती आपण व्यापाऱ्यांनी कधी बोलून दाखविली नाही. दात व्यापाऱ्याचा असे आणि कापला जाणारा भाव शेतकऱ्याचा. 'शेठजी, तुमच्या दाताला माझाच मका ओला कसा लागतो?' असे एका वृद्ध शेतकऱ्याने वडिलांना माझ्यादेखत विचारले होते. वडील हसले, उत्तर मात्र त्यांनी दिले नाही.

ओलाव्याचा हा वाद मोजणीच्या यंत्राने बराचसा मिटविला. त्याचे तत्त्व सोपे आहे. दोन धातूंच्या पृष्ठांमध्ये जो पदार्थ ठेवावा, त्यावर तेथे किती वीज साठेल हे अवलंबून असते. आणि याबाबतीत पाणी कोरड्या धान्याच्या अनेक पटींनी पुढे असल्यामुळे थोडाही ओलावा काट्यावर दिसतो. मात्र प्रत्येक धान्यासाठी यंत्राची जुळणी निराळी असते आणि दाणे तापलेले असतील तर आकडा फसवितो, हे ध्यानात ठेवावे. या आकड्यावर आता सरकारी खरेदीही चालते. सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा होती. पावसाने माल ओला राहिल्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या हंगामापुरती ती १५ टक्के करण्यात आली. तीन टक्क्यांसाठी शेतकरी किती दिवस ताटकळले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

ओलावा दाताला निदान थोडाफार कळतो. जे दाताला, नाकाला आणि डोळ्याला मुळीच कळत नाही, त्याच्याशी माझी गाठ काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास पडली. दोनशे पोती मका मी एका कारखान्यास पाठविला होता. दाणा सोन्यासारखा पिवळा, दाताखाली कट्‌कन वाजणारा, वासाला निर्मळ. तिसऱ्या दिवशी निरोप आला की माल नापास झाला, गाडी परत न्यावी. मला राग आला. भाव पडला की माल नापास करावयाचा, ही काही खरेदीदारांची जुनी युक्ती आपणांस ठाऊक आहे. तशातलाच हा प्रकार समजून मी स्वतः भांडावयास गेलो.

प्रयोगशाळेत एक तरुण मुलगी होती. तिने भांडण ऐकून घेतले, माझ्यासमोर मक्याचा नमुना दळला, तो एका द्रवात हलविला आणि त्याचे काही थेंब बोटाएवढ्या कागदी पट्टीवर सोडले. काही मिनिटे आम्ही दोघेही पट्टीकडे पाहत राहिलो. एक रेघ उमटली. दुसरीच्या जागी काहीच दिसेना. मी आनंदाने म्हणालो, 'पाहा, दोष असता तर रेघ आली नसती का?' ती म्हणाली, 'काकाजी, येथे उलटे आहे. दुसरी रेघ आली असती तर माल चांगला. रेघ आली नाही, म्हणजे विष मर्यादेपेक्षा जास्त आहे.'

या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाच्या बुरशीपासून ते होते, आणि त्या बुरशीच्या नावातील अक्षरे जुळवूनच हे नाव बनले. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखांहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत ही बुरशी वाढलेली आढळली. हे विष यकृतावर घाला घालते. अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग संभवतो. आणि नेहमीच्या शिजविण्या-भाजण्याने ते नष्ट होत नाही. आपल्या देशात धान्य व कडधान्यांसाठी त्याची मर्यादा दर किलोस १५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. हा आकडा व्यापारी भाषेत मांडून पाहू : शंभर क्विंटल मक्याच्या भरलेल्या गाडीत हे विष सर्व मिळून १५० मिलिग्रॅम, म्हणजे तांदळाच्या सहासात दाण्यांच्या वजनाइतके, असले की मर्यादा गाठली. कोणाचा दात हे ओळखील?

टर्की पक्षी आपल्यापासून दूर आहेत असे कोणास वाटेल. म्हणून जवळचे सांगतो. १९७४ साली अवेळी पावसाने राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत कणसांवरच मका बुरसला. गरीब आदिवासी कुटुंबांजवळ खावयास तेच धान्य होते. कावीळ झाली, पोटात पाणी साचले. ३९७ आजाऱ्यांपैकी १०६ जण मृत्यू पावले. त्या घरांतील कुत्रीही त्याच भाकरी खाऊन मेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासणी केली, तेव्हा मक्यात दर किलोस सहा हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मायक्रोग्रॅम विष निघाले. आपला छिंदवाड्याचा मुलूख मक्यासाठीच नावाजलेला आहे. आणि पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला म्हणून ऑक्टोबरचा पाऊस सीमेवर थांबत नाही.

आता त्या पट्टीविषयी. तिच्यातील करामत जिवंत शरीराकडून उसनी घेतलेली आहे. शरीरात परका पदार्थ शिरला की त्यास नेमके पकडणारी द्रव्ये तयार होतात. त्यांस प्रतिपिंड म्हणतात. अफ्लाटॉक्सिनलाच पकडणारी प्रतिपिंडे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवून पट्टीत ठेवलेली असतात. तो सोन्याचा कण पट्टीवर लाल दिसतो. पुढे रेघेच्या जागी थोडे विष बांधून ठेवलेले असते. नमुना निर्मळ असेल तर प्रतिपिंडे मोकळ्या हातांनी तेथवर जातात, ते बांधलेले विष धरतात, आणि लाल रेघ उमटते. नमुन्यातच विष असेल तर त्यांचे हात वाटेतच भरतात. हमालांचे खांदे आधीच पोत्यांनी भरले असता दारातले पोते कोणी उचलावे? म्हणून रेघ येत नाही. ही गोष्ट त्या मुलीने मला दोनदा समजावून दिली, तेव्हा कोठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

माल घेऊन परतलो. त्याच संध्याकाळी एका दलालाने सुचविले की, 'शेठजी, दुसऱ्या मक्यात मिसळून थोडा थोडा काढून टाका, पंधराचा आकडा आपोआप उतरेल.' वाचकांपासून काय लपवावे? एक रात्र मी या सूचनेचा विचार केला. दोनशे पोत्यांचा तोटा लहान नव्हता. परंतु दुसरा विचार त्याहून अधिक छळू लागला. चाळीस वर्षांत या हातांतून असे किती ढीग गेले असतील? त्या वेळी पट्टी नव्हती आणि मला ठाऊक नव्हते, ही सबब खरी आहे. पण ती सबब आता संपली होती.

सकाळी मुलाने पट्ट्या मागविण्याची व्यवस्था केली आणि आम्ही दहादहा पोत्यांचे गट पाडून तपासले. येथे आपल्या जुन्या विद्येचा उपयोग झाला, हे मुद्दाम सांगतो. हे विष ढिगात सारखे पसरलेले नसते. हजारो दाण्यांत एखादाच दाणा भयंकर विषारी असतो. वरच्या एका पोत्यातून मूठभर नमुना काढला तर यंत्र कितीही उत्तम असो, उत्तर फसवे येईल. परखी कोठे घालावी, तळची पोती कोणती, भिंतीची कोणती, पाणी कोठून झिरपले असेल, हे प्रयोगशाळेस ठाऊक नसते, ते व्यापाऱ्यास ठाऊक असते. आम्ही प्रत्येक पोत्यात वर, मधे आणि तळाशी परखी घातली, सर्व नमुने एकत्र दळले व मगच थेंब सोडले. दोष निघाला तो जमिनीस लागून असलेल्या थरात. फळ्या न अंथरता पोती रचली होती, आणि ती चूक सर्वस्वी माझ्या दुकानची. सव्वीस पोती वेगळी काढून वीटभट्टीत जाळली. उरलेल्या मालाची त्याच कारखान्याने पुन्हा तपासणी केली आणि तो घेतला.

अशी जिवंत द्रव्यावर चालणारी पट्टी आपल्यापैकी कित्येकांच्या खिशात आधीच आहे. गादीवर बसून बसून मधुमेहाने आपल्या व्यापारी घरांत ठाण मांडले आहे. सकाळी बोट टोचून साखर पाहणारे सभासद थोडे नाहीत. त्या पट्टीचे मूळ अमेरिकन शास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडलेल्या कल्पनेत आहे. साखरेवरच काम करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, विजेच्या अग्राशी बसवावे आणि साखरेचे प्रमाण विजेवरून मोजावे, ही ती कल्पना. पुढे ऑक्सफर्ड व क्रॅनफील्ड येथील संशोधकांनी १९८४ मध्ये फेरोसीन या लोहयुक्त द्रव्याचा मध्यस्थ वापरून विकराकडून विजेचा भार अग्रापर्यंत पोहोचविण्याची सोय केली, आणि १९८७ मध्ये लेखणीएवढे यंत्र बाजारात आले. म्हणजे येथेही मध्यस्थावाचून व्यवहार झाला नाही! अडत्यांना नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

संत्र्याच्या व्यापाऱ्यांसाठी याहून जुनी एक गोष्ट आहे. १९३४ साली कॅलिफोर्नियातील फळबागायतदारांच्या संघात काम करणाऱ्या एका रसायनतज्ज्ञास लिंबाच्या रसाची आम्लता मोजावयाची होती. परंतु रस टिकविण्यासाठी घातलेल्या गंधकाच्या वायूमुळे रंग बदलणारा कागद निकामी होई. त्याने आपला विद्यापीठातील मित्र आर्नल्ड बेकमन यास विचारले, आणि बेकमनने काचेचे अग्र व निर्वात नळ्या जोडून पी. एच. मोजणारे यंत्र सिद्ध केले. लिंबाच्या रसाची अडचण सोडविण्यासाठी जन्मलेले हे यंत्र आज पाणी, माती, दूध, औषधे अशा सर्वांच्या परीक्षेत वापरले जाते. बाजारातील माणूस विद्यापीठाच्या दारात अडचण घेऊन गेला, म्हणून हे घडले.

आपल्याकडील विद्यापीठेही या कामी मागे नाहीत. पवईच्या आय. आय. टी. मधील संशोधनातून उभ्या राहिलेल्या संस्थेचे नॅनोस्निफर हे यंत्र एप्रिल २०२१ मध्ये पुढे आले. स्फोटकांचा अतिसूक्ष्म अंश ते दहा सेकंदांच्या आत ओळखते. इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात १९८२ साली कृत्रिम नाकाची कल्पना सिद्ध झाली होती. त्या धर्तीवर कोलकात्याच्या सी-डॅकने जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांसह चहाचा वास पारखणारे यंत्र तयार केले. मद्रासच्या आय. आय. टी. ने २०२३ मध्ये दुधातील युरिया, साबण, स्टार्च इत्यादी भेसळ अर्ध्या मिनिटात दाखविणारा कागदी संवेदक जाहीर केला. मला मात्र अधिक आपलेपणा वाटतो तो खानदेशातील अमळनेरबद्दल. तेथील प्रताप महाविद्यालय १९४५ साली सुरू झाले. त्यास ज्यांचे नाव आहे ते प्रतापशेठ गिरणीमालक व्यापारी होते. त्याच महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात धातूंच्या ऑक्साइडांच्या थरांनी स्वयंपाकाचा गॅस, अमोनिया इत्यादी वायू ओळखण्याचे काम झाले आहे. असा थर तापविला आणि वायूचा स्पर्श झाला की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो. तेवढ्यावरून वायूची वर्दी मिळते.

वायूंचा हा विषय आपल्या गोदामांना लागूच आहे. कीड मारण्याच्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू निघतो. अमेरिकेत कामगारांसाठी त्याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.३ भाग इतकीच आहे. हमालाने दार उघडून वास घ्यावा आणि मग आत शिरावे, ही आपली रीत बंद झाली पाहिजे. फॉस्फीन ओळखणारी खिशातील यंत्रे मिळतात. एक घेतले तर चार दुकानांना पुरेल.

पट्ट्यांचा खर्च एकट्या लहान दुकानास जड जातो, हे मी जाणतो. यास्तव संघाने खरीपाच्या आवकेपूर्वी एक सामायिक तपासणी यंत्र व पट्ट्यांचा साठा ठेवावा, अशी सूचना मी लेखी दिली आहे. माझ्या दुकानी ओलाव्याचे यंत्र आता शेतकऱ्याकडे तोंड करून ठेवलेले असते. आकडा प्रथम तो वाचतो, मग मी. परखीने नमुना कसा काढावा हे ज्या सभासदांस पाहावयाचे असेल, त्यांनी बाजाराचा दिवस सोडून कोणत्याही सकाळी सावरगावास यावे. मुलगा दळून दाखवील. रेघ कशी वाचावी ते मी सांगेन.