जोत्यापुरते घर : वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांचे नगरकार्य

वास्तुविशारद म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे एखादी भव्य इमारत, नाट्यगृह किंवा धनिकाचा बंगला उभा राहतो. ज्याच्यापाशी चार भिंती उभारण्याइतकाही पैसा नाही, त्याचा आणि वास्तुविशारदाचा संबंध काय, असा प्रश्न मग सहज मनात येतो. वस्तुतः आपल्या शहरांतील असंख्य घरे वास्तुविशारदाच्या साहाय्यावाचूनच उभी राहतात. गवंडी आणि घरधनी मिळून ती बांधतात आणि हाती पैसा येईल तसतशी ती वाढत जातात. अशा घरांशी सुशिक्षित वास्तुविशारदाचे नाते कोणते असावे, या प्रश्नाचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर इंदूर शहराच्या वेशीवर पाहावयास मिळते. ते देणारे बाळकृष्ण विठ्ठलदास दोशी हे जन्माने पुण्याचे.

दोशी यांचा जन्म २६ ऑगस्ट १९२७ रोजी एका मोठ्या एकत्र कुटुंबात झाला. घरी दोन पिढ्यांपासून फर्निचरचा व्यवसाय होता. तेव्हा लाकूड, माप आणि हाताची कारागिरी यांचा परिचय त्यांना बालपणापासूनच असला पाहिजे. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, म्हणजे १९४७ साली, त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. संस्थेत वास्तुकलेचे शिक्षण सुरू केले. पुढे ते इंग्लंडला गेले आणि १९५१ मध्ये पॅरिसला ल कॉर्ब्युझिए या जगद्विख्यात वास्तुविशारदाच्या कचेरीत दाखल झाले. आरंभीचे काही महिने त्यांनी वेतनाशिवाय काम केले. १९५४ मध्ये ते स्वदेशी परतले, ते कॉर्ब्युझिए यांच्या अहमदाबादेतील इमारतींवर देखरेख करण्यासाठी. अहमदाबाद हीच पुढे त्यांची कर्मभूमी झाली. १९६२ पासून तेथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटच्या वास्तूसाठी त्यांनी लुई कान या अमेरिकन वास्तुविशारदाबरोबरही काम केले.

एवढ्या थोर गुरूंच्या सहवासात राहिलेल्या तरुणाने मोठमोठ्या वास्तूंचीच स्वप्ने पाहिली असती, तर त्यात नवल नव्हते. परंतु १९५४ सालीच दोशी यांनी एक निश्चय केला होता. समाजातील सर्वांत खालच्या थरातील माणसाला योग्य निवारा मिळवून द्यावयाचा, तो हा निश्चय. १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेचे विद्यालय स्थापण्यात पुढाकार घेतला. त्याला जोडून १९७२ मध्ये नगररचनेचेही विद्यालय निघाले. अल्प खर्चाची घरे आणि नगररचना यांच्या संशोधनासाठी १९७८ मध्ये त्यांनी वास्तुशिल्प फाउंडेशन ही संस्था काढली.

या अवधीत त्यांच्या हातून कामगार-कर्मचाऱ्यांच्या अनेक वसाहती निर्माण झाल्या. वडोदऱ्याजवळची खत कारखान्याची वसाहत आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनची वसाहत ही त्यांतील दोन ठळक उदाहरणे. अहमदाबादेत आयुर्विमा महामंडळासाठी त्यांनी १९७३ च्या सुमारास जी गृहरचना केली, तिच्यात एक नवा विचार होता. प्रत्येक इमारतीत तळमजल्याचे घर सर्वांत मोठे, त्यावरचे लहान आणि माथ्यावरचे त्याहून लहान. त्यामुळे वरच्या कुटुंबांना मोकळी गच्ची मिळाली. काळाच्या ओघात रहिवाशांनी त्या गच्च्यांवर खोल्या चढवल्या, सज्जे बंद केले आणि दर्शनी भागही बदलले. आपल्या रचनेत कोणी फेरफार केला तर पुष्कळ कलावंतांना तो अपमान वाटतो. घर हे कुटुंबाबरोबर वाढणारच, हे दोशी यांनी मात्र आधीच गृहीत धरले होते.

या विचाराची खरी कसोटी इंदूरला लागली. गिरण्या आणि व्यापार यांमुळे हे शहर झपाट्याने वाढत गेले व झोपडवस्त्याही वाढल्या. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने १९१८ मध्ये इंदूर दरबारला सादर केलेल्या अहवालातही जुन्या वस्त्या सरसकट पाडण्याऐवजी त्या बारकाईने पाहून, जपून सुधारण्यावर भर होता. १९८० नंतर इंदूर विकास प्राधिकरणाने गरिबांच्या नव्या वसाहतीचे काम दोशी यांच्या संस्थेकडे सोपवले, तेव्हा तिनेही पाहण्यापासूनच आरंभ केला. कॅनडातील मॅगिल विद्यापीठाच्या अभ्यासकांसह इंदूरच्या झोपडवस्त्यांची तपशीलवार पाहणी झाली. दारापुढचा ओटा किती कामांना उपयोगी पडतो, झाडाच्या सावलीत काय काय चालते, घरातच दुकान किंवा कारखाना कसा थाटला जातो, गल्ली कोठे अरुंद होते व कोठे रुंदावते, या साऱ्याची मापे घेतली गेली. ज्या वस्तीला नगरपालिका केवळ घाण म्हणून ओळखते, तिच्यातही राहणाऱ्यांनी आपल्या गरजेनुसार एक व्यवस्था लावलेली असते, असे या पाहणीतून दिसून आले. उणीव होती ती स्वच्छ पाणी, शौचाची सोय आणि जमिनीवरील हक्क यांची.

या अनुभवातून ‘अरण्य’ ही वसाहत आकाराला आली. शहराच्या मध्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, जवळजवळ ८५ हेक्टर जमिनीवर ती वसली आहे. साडेसहा हजारांच्या आसपास भूखंडांपैकी सुमारे ६५ टक्के आर्थिक दृष्ट्या अगदी दुर्बल कुटुंबांसाठी राखले गेले. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा, तर सर्वांत मोठा ४७५ चौरस मीटरच्या घरात आहे. वसाहतीचे सहा विभाग असून मधल्या कण्यासारख्या पट्ट्यात बाजार व सार्वजनिक सोयी योजिल्या होत्या. लहान घरे दहा-दहांच्या गटांत मांडलेली असून त्यांच्यामध्ये छोटी अंगणे सोडलेली आहेत.

गरीब कुटुंबाच्या पदरात येथे नेमके काय पडले, हे समजून घेण्यासारखे आहे. त्याला बांधून तयार घर मिळाले नाही. त्याला मिळाले एक जोते, संडास-न्हाणी, पाण्याची व विजेची सोय आणि जमिनीवरील हक्क. भिंती विटांच्या की दगडाच्या, आज एक खोली आणि पाच वर्षांनी दुसरी की एकदम दोन, हे ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावयाचे. नमुन्यादाखल दोशी यांनी ८० घरे बांधून दाखवली. त्यांतील ओटे, बाहेरचे जिने आणि सज्जे पाहून लोकांनी आपापली निवड करावी, असा हेतू होता. या विभागणीचे कारण सरळ आहे. भिंत आणि छप्पर एकटे कुटुंब हळूहळू उभारू शकते. जलवाहिनी, मैल्याची व्यवस्था आणि रस्ता मात्र कोणालाही एकट्याने उभारता येत नाही. म्हणून सार्वजनिक पैसा या दुसऱ्या गोष्टींवर खर्च झाला. वीस-वीस घरांमागे मैल्याची एक समाईक टाकी ठेवल्याने त्यातही बचत साधली.

या योजनेला जागतिक बँक आणि गृहनिर्माण व नगरविकास महामंडळ यांचे साहाय्य होते. परंतु तिचा हिशोब निव्वळ अनुदानावर मांडलेला नव्हता. मोठ्या रस्त्यालगतचे व कडेचे मोठे भूखंड सुस्थित लोकांना विकून येणारा नफा लहान भूखंडांकडे वळवला गेला. त्यामुळे निरनिराळ्या मिळकतीची कुटुंबे एकाच वसाहतीत आली आणि गरिबांची वस्ती गावकुसाबाहेर एकटी पडली नाही. १९९५ मध्ये या कार्याला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार लाभला. पुढे वसाहतीची लोकसंख्या ८० हजारांवर गेली.

तथापि योजनेच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. वसाहत नांदू लागली की भूखंडाचा भाव चढतो आणि अडचणीतील कुटुंबाला तो विकण्याचा मोह होतो. अरण्यातही घरांचे हस्तांतर झाले, मजल्यांवर मजले चढले आणि नमुन्याची घरे सहज ओळखू येईनाशी झाली. वाढीला वाव देणारी रचना आणि मूळ गरीब कुटुंबाचा टिकाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली वास्तुविशारदाच्या हाती असते, दुसरीला रोजगार, कर्ज आणि कायदा यांचीही जोड लागते.

२०१८ मध्ये दोशी यांना वास्तुकलेतील प्रित्झकर पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय होत. २४ जानेवारी २०२३ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आजही प्रत्येक शहरात झोपडवस्ती हटवण्याचा प्रश्न उपस्थित होतो आणि उंच इमारतींतील खोल्या हेच एकमेव उत्तर असे पुष्कळदा मानले जाते. त्या खोल्यांना ओटा नसतो, अंगण नसते, आणि मुलगा कर्ता झाला म्हणून त्यांत आणखी एक खोली काढता येत नाही. अशा योजनेचा विचार करणाऱ्या नगरसेवकाने, अधिकाऱ्याने किंवा वास्तुविशारदाने एकदा अरण्याच्या गल्ल्यांतून पायी फिरून यावे. गरीब कुटुंबाला जोते, पाणी आणि जमिनीचा हक्क मिळाला, तर पुढची भिंत ते स्वतः कशी उभारते, हे त्याला तेथे दिसेल.