व्हॅक्यूम, पोस्टग्रेएसक्यूएल

व्हॅक्यूम ही पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त स्रोत डेटाबेस प्रणालीतील देखभालीची प्रक्रिया आहे. या प्रणालीत तक्त्यातील ओळ बदलली तरी तिची जुनी प्रत लगेच पुसली जात नाही, कारण त्याच वेळी वाचन करणाऱ्या दुसऱ्या व्यवहाराला ती लागू शकते. अशा मृत ओळी साचल्या की तक्ता फुगतो आणि पूर्वी झटपट चालणारी क्वेरी रेंगाळू लागते. व्हॅक्यूममुळे ही जागा पुन्हा वापरता येते; फाइलचा आकार मात्र सहसा घटत नाही.

अधिक गंभीर प्रश्न व्यवहार क्रमांकांचा आहे. हे क्रमांक ३२ बिटांचे असल्याने सुमारे ४ अब्जांनंतर मोजणी पुन्हा सुरुवातीकडे वळते आणि क्रमांकांची तुलना चक्राकार होते. एखादी ओळ वेळेत 'गोठवली' नाही आणि तिच्यानंतर २ अब्जांहून अधिक व्यवहार झाले, तर ती भविष्यातील ठरून दिसेनाशी होईल. ही वेळ येऊ नये म्हणून सध्याच्या आवृत्त्यांत सुमारे ३० लाख क्रमांक उरले असता सर्व्हर नवे क्रमांक देणे थांबवतो. वाचन चालू राहते, लेखन बंद पडते.

आवृत्ती ८.३ पासून स्वयंचलित व्हॅक्यूम मुळातच सुरू असते. सर्व्हर मंदावल्यावर ते बंद करण्याचा मोह होतो आणि तोच अंगाशी येतो. पुष्कळदा खरे कारण वेगळेच असते: कोणीतरी तासन्‌तास उघडा ठेवलेला व्यवहार. तो संपेपर्यंत त्याच्या प्रारंभानंतर मृत झालेल्या ओळी हटवता येत नाहीत. 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' या दृश्यात असा व्यवहार त्याच्या प्रारंभवेळेसह सापडतो.