घरच्या गॅरेजात घडलेली गाडी
जुन्या गाडीचा सांगाडा ठेवून, अनावश्यक पत्रा उतरवून त्यात दमदार इंजिन बसवले की झाली हॉट रॉड. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुणांत हे वेड पसरले. १९३२ ची फोर्ड आणि तिचे व्ही-८ इंजिन त्यांच्या खास आवडीचे.

महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण वेगाचे नाही, कारागिरीचे आहे, म्हणूनच मोलाचे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी चारचाकी सुमारे ६० हजार रुपयांत बनवली. २०२२ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो गाडी दिली.

मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपन्यात असा प्रयोग करणाऱ्याने वेल्डिंगला हात घालण्याआधी चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयात चौकशी करावी.