फिरत्या दवाखान्यातील वातानुकूलन : बिघाड कसा ओळखावा?

दुर्गम वाड्यावस्त्यांपर्यंत वैद्यकीय मदत पोहोचविण्याच्या कार्यात फिरत्या दवाखान्यांना महत्त्वाचे स्थान आहे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने अशा वाहनांच्या वापरास चालना दिली. वैशाखाच्या उन्हात मात्र पत्र्याचे हे वाहन भट्टीसारखे तापते. अशा वेळी डॅशबोर्डमधून गार हवा येईनाशी झाली, तर चालक थकतो, रुग्ण कासावीस होतो आणि तपासणीच्या कामात व्यत्यय येतो. बिघाड नेमका कोठे आहे, याचा प्राथमिक अंदाज मात्र चालकास किंवा आरोग्य कर्मचाऱ्यास घेता येतो.

वातानुकूलन यंत्र गारवा निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता बाहेर नेऊन टाकते. इंजेक्शनपूर्वी त्वचेवर स्पिरिट लावले असता ते उडून जाताना गार वाटते, तेच तत्त्व येथे उपयोगात आणलेले असते. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा काँप्रेसर वायू दाबतो. रेडिएटरसमोरील कंडेन्सरमध्ये त्या वायूची उष्णता बाहेर पडून त्याचा द्रव बनतो. हा द्रव डॅशबोर्डमागील इव्हॅपोरेटरमध्ये पुन्हा वायुरूप होताना तेथील हवेतील उष्णता शोषून घेतो. सध्या भारतातील बहुसंख्य मोटारगाड्यांत यासाठी आर-१३४ए हा वायू वापरतात. साध्या हवेच्या दाबाखाली तो उणे २६ अंश सेल्सिअसच्या सुमारास उकळतो.

तपासणीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम हवा येते किंवा नाही, हे पाहावे. हवा मुळीच येत नसल्यास फ्यूज व पंख्याची मोटर तपासावी. पंखा केवळ सर्वांत जलद गतीवरच चालत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. हवा मंद येत असल्यास हवेची गाळणी धुळीने भरलेली असण्याचा संभव असतो. कच्च्या रस्त्यांवर धावणाऱ्या वाहनांत ही तक्रार विशेष आढळते.

हवा जोरात येते, पण गार नसते, अशा वेळी काँप्रेसरकडे लक्ष द्यावे. बटण दाबताच क्लच जोडला गेल्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो न आल्यास फ्यूज, रिले किंवा वायूची कमतरता हे संभाव्य कारण ठरते. वाहन धावताना हवा गार आणि थांबताच कोमट होत असल्यास कंडेन्सरचा पंखा बंद आहे काय, अथवा त्याच्या पात्यांत माती बसली आहे काय, हे पाहावे. आरंभी गार असलेली हवा काही वेळाने क्षीण झाली, तर इव्हॅपोरेटरवर बर्फ साचल्याची शंका घ्यावी. यंत्राचे सर्व भाग ठीक असूनही हवा उष्णच येत असेल, तर हीटरकडील झडप अडकलेली असू शकते.

दमट हवेत वाहनाखाली पाणी ठिबकणे स्वाभाविक आहे. तेच पाणी चालकाच्या पायाशी साचू लागले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे, असे समजावे.

नळ्यांच्या सांध्यावर तेलकट डाग दिसल्यास तेथून वायूची गळती होत असण्याचा संभव असतो. गळती न शोधता पुन:पुन्हा वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय. आर-१३४ए ओझोनच्या थराला घातक नसला, तरी तापमानवाढीस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक कारणीभूत ठरतो. ओझोनला हानिकारक अशा आर-१२ वायूचा वापर १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्रमाक्रमाने संपुष्टात आला. अतिशय जुन्या वाहनात आवश्यक ते बदल केल्याविना नवा वायू भरू नये.

सांधे उघडण्याचे काम प्रशिक्षित कारागिरानेच करावे. उसळणाऱ्या द्रवाने त्वचेस व डोळ्यांस गंभीर इजा होते. इंजिन चालू असताना साडीचा पदर, ओढणी वा हात पट्ट्याजवळ नेऊ नये. इंजिन चालू ठेवून बंद वाहनात झोपणे तर प्राणघातक ठरू शकते, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूस वास नसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. डॅशबोर्डमधील यंत्र मुख्यत: चालकाच्या कक्षासाठी असते, मागील तपासणीकक्ष गार ठेवण्याइतकी क्षमता त्याच्यात सहसा नसते. म्हणून २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाच्या लसी वाहनातील गारव्याच्या भरवशावर कदापि ठेवू नयेत. त्यांच्यासाठी बर्फाच्या थैल्या घातलेली शीतपेटीच वापरावी.

आढळलेला दोष, दिनांक व वेळ यांची नोंद वाहनाच्या नोंदवहीत करावी. अशी नोंद हाती असल्यास कारागिराचा वेळ व शासनाचा पैसा वाचतो आणि ठरल्या दिवशी दवाखान्याची वाट पाहणाऱ्या रुग्णास रिकाम्या हाती परतावे लागत नाही.