गारपीट : कारणे आणि घरची दक्षता

शीतप्रदेशांतील हिमवादळांची वर्णने आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. तेथे दारे बर्फाने बुजतात, वाटा दिसेनाशा होतात आणि माणसे दिवसचे दिवस शेगडीपाशी बसून काढतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील आमच्या कोंढ्यास तसा प्रसंग येत नाही. तथापि आकाशातील बर्फ आमच्याही अंगणात पडते. मात्र ते कापसासारखे हळुवार न येता दगडांसारखे येते. त्यासच आपण गारपीट म्हणतो.

ऐन थंडी सोडून माघ-फाल्गुनात, ऊन तापू लागल्यावर गारा का पडाव्यात? त्याचे कारण असे : बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा तापलेल्या भूमीवरून वेगाने वर चढते. चार किलोमीटरांच्या वर पाणी गोठण्याइतकी थंडी असते. तेथे जलबिंदू हिमकणांस चिकटून गोठतात. वर चढणारा वारा त्यांस तोलून धरतो, तोवर थरावर थर चढत जातात. भार वाऱ्यास पेलेनासा झाला की गार खाली येते. मोठी गार फोडून पाहावी. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतील.

ही आपत्ती क्षुल्लक नव्हे. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादनजीक गारांनी २४६ माणसे दगावली. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील लाखो हेक्टरांवरील पिके झोडपली. आपल्याकडे याच दिवसांत हरभरा व लाखोरी कापून शेतात वा खळ्यावर पडलेली असते. ते वर्षाचे अन्न भिजताना पाहून धावत सुटावेसे वाटते, आणि खरा घात तेथेच होतो.

म्हणून नागपूरच्या हवामान केंद्राचा इशारा मिळताच, आकाश स्वच्छ असतानाच, गंजी झाकावी व गुरे गोठ्यात बांधावी. गारा सुरू झाल्यावर कोणीही बाहेर जाऊ नये. कवेलू फुटून खाली येतात. यास्तव मुलांनी व वृद्धांनी स्लॅबच्या खोलीत, ती नसल्यास भक्कम लाकडी पलंगाखाली आश्रय घ्यावा. खिडकीपासून दूर राहावे. शेतात अडकल्यास घमेले वा पाटी डोक्यावर धरून जवळचे पक्के घर गाठावे. झाडाखाली मात्र थांबू नये, कारण गारांच्या जोडीने वीजही पडते.

वादळ शमल्यावरही उतावीळपणा नको. तुटलेल्या तारेस स्पर्श करू नये, फुटक्या कवेलूंवरून अनवाणी चालू नये, ओल्या छपरावर चढू नये. पिकाची हानी तहसील कचेरीस त्वरित कळवून पंचनामा करून घ्यावा.

विद्यार्थिमित्रहो, गारा वेचण्याची मौज आम्हांसही ठाऊक आहे. परंतु ती शेवटची गार पडून गेल्यावरची. गेलेले पीक पुढील हंगामी पुन्हा पेरता येते. ज्या हातांनी ते पेरावयाचे, ते हात आधी सुरक्षित राहिले पाहिजेत.