पैसे आले काय वो ताई?

सकाळी साडेआठ. शटर वर जाण्याआधीच पायरीवर तिघं-चौघं बसलेली असतात. यवतमाळहून दारव्हा रस्त्याने निघालं की शहर संपता संपता लोहारा लागतं. एकीकडे एमआयडीसी आणि तिथला रेमंडचा डेनिम कारखाना, दुसरीकडे पऱ्हाटीची आणि तुरीची वावरं. म्हणून माझ्या सेवा केंद्राच्या बाकावर रातपाळी करून आलेला कामगार आणि वेचणीला निघालेली मावशी शेजारी शेजारी बसतात. एकाला पीएफचा दावा कुठवर आला ते पाहायचं असतं, दुसरीला लाडक्या बहिणीचे दीड हजार. प्रश्न एकच, "पैसे आले काय वो ताई?"

उत्पन्नाचे दाखले, सातबारा, नॉन-क्रीमीलेअर ही कामं होतच असतात. पण माझा खरा दिवस जातो पैशाचा माग काढण्यात. पैसा मंजूर झाला म्हणजे खात्यात आला असं नसतं. मधे तो कुठंही थांबतो आणि कुठं थांबला ते कोणी आपणहून सांगायला येत नाही. तो शोधायला मला दर वेळी माणसाचा आधार क्रमांक, मोबाइलवरचा ओटीपी आणि पुष्कळदा बोटाचा ठसा लागतो. ही माहिती त्या माणसाच्या मालकीची आहे, हे मला दिवसभर आठवावं लागतं.

नऊ वाजता पहिले काकाजी. पीएम किसानचे दोन हजार त्यांना लागोपाठ आलेले नाहीत. या योजनेचा सोळावा हप्ता तर इथूनच, यवतमाळजवळच्या भारी गावातून, 28 फेब्रुवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते सुटला. काकाजी त्या सभेला गेले होते, त्यांना तो हप्ता आला होता. त्यानंतर बंद. मी स्टेटस उघडते. जमिनीची नोंद बरोबर, ई-केवायसी झालेली, सरकारकडून हप्ता गेलेला. म्हणजे पैसा सुटला, पण पोचला कुठं?

याचं उत्तर आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ या पानावर सापडतं. सरकारी योजनांचा पैसा आता बहुतेक वेळा खाते क्रमांकावर नाही, आधार क्रमांकावर जातो. एका आधारला एका वेळी एकच बँक जोडलेली असते आणि सगळ्यात शेवटी जी बँक जोडली गेली, तिच्याकडे पैसा वळतो. काकाजींच्या पानावर त्यांच्या नेहमीच्या बँकेऐवजी दुसरंच नाव दिसतं. "म्या तं असं कोनतंच खातं उघडलं नाई बाप्पा!" ते खरंच बोलतात. बाजारात छत्री लावून बसलेल्या पोराने सिम देताना अंगठा दोनदा घेतला होता, एवढंच त्यांना आठवतं.

असं देशभर एकदा फार मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. 2017 साली सिमची आधार-पडताळणी करताना एअरटेल पेमेंट्स बँकेची खाती ग्राहकांना न कळता उघडली गेली आणि लाखो घरांचं गॅसचं अनुदान त्या खात्यांत वळलं. रक्कम होती सुमारे 190 कोटी. डिसेंबर 2017 मध्ये आधार प्राधिकरणाने कंपनीची ई-केवायसीची परवानगी थांबवली, अडीच कोटींचा अंतरिम दंड घेतला आणि मार्च 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने पाच कोटींचा दंड केला. अनुदान मूळ खात्यांत परत गेलं. म्हणजे लोकांना त्यांचेच पैसे परत मिळाले. संमतीशिवाय अंगठा वापरला, त्याबद्दल मात्र ज्याचा अंगठा होता त्याच्यासाठी त्या दंडात काही नव्हतं. दंड सरकारकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे जमा झाला. काकाजींना मी हे सगळं सांगते, कारण त्यांना वाटतं चूक त्यांची आहे. मग त्यांच्या बँकेच्या नावाने आधार जोडण्याचा अर्ज लिहून देते आणि आधी त्या दुसऱ्या खात्यात अडकलेले पैसे काढून घ्या, मग ते खातं बंद करा, असं बजावते.

साडेदहाला अतिवृष्टीच्या मदतीचे लोक येतात. पूर्वी तलाठ्याकडून व्हीके नंबरची, म्हणजे विशिष्ट क्रमांकाची, यादी यायची आणि एकेकाची केवायसी इथं करावी लागायची. आता फार्मर आयडी असलेल्यांचं काम पुष्कळ हलकं झालंय. ज्यांची जमीन अजून मेलेल्या वडिलांच्या नावावर आहे, त्यांना मी तलाठी कार्यालयात फेरफारासाठी पाठवते. त्याला दुसरा इलाज नाही.

साडेअकरा ते दीड हा वेळ मी सहारात पैसे अडकलेल्यांसाठी राखून ठेवते, कारण ते काम घाईत होत नाही.

आपल्या देशात हजारो-लाखो लोकांना न्यायालयाच्या आदेशाने पैसे परत मिळण्याचं हे एक मोठं उदाहरण. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे पैसे व्याजासह परत करायला सांगितलं, तेव्हापासून सेबीच्या ताब्यातल्या खात्यात रक्कम जमा होत गेली. त्यातले पाच हजार कोटी 29 मार्च 2023 च्या आदेशाने सहाराच्या चार सहकारी सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी काढले गेले. न्यायमूर्ती सुभाष रेड्डींची देखरेख, 18 जुलै 2023 ला पोर्टल सुरू. आधी माणशी दहा हजारांपर्यंतच मिळायचे, 2024 मध्ये ती मर्यादा पन्नास हजार झाली. सप्टेंबर 2025 मध्ये न्यायालयाने आणखी पाच हजार कोटी मोकळे केले आणि वाटपाची मुदत 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवली.

आज ज्या मावशी आल्या आहेत त्यांनी घरकाम करून एजंटाकडे रोजचे पैसे भरले होते. पिशवीतून पावत्या, पासबुक, सगळं निघतं. त्यांनी कागद जपला म्हणून आज आपण अर्ज करू शकतो. ज्यांनी "मुदत झाली, नवीन करून देतो" असं सांगणाऱ्याच्या हातात मूळ प्रमाणपत्र दिलं, त्यांचं काम फार अवघड होतं. मावशींच्या पावतीवर नावापुढे ‘बाई’ आहे, आधारवर नाही. आधारला जोडलेला मोबाइल मुलाचा आहे आणि मुलगा पुण्याला. त्याला फोन लावते, त्याचं आईशी बोलणं करून देते आणि ओटीपी तो आईच्या कानात सांगतो. आई तो स्वतः दाबते. मी कीबोर्ड तिच्यापुढे सरकवते आणि तोंड फिरवते. वेळ लागतो, मागचे लोक कुरकुरतात. तरी मी हे सोडत नाही. दुसऱ्याचा ओटीपी आपल्या कानावर पडू द्यायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम असला पाहिजे.

अर्ज गेला की पोर्टल दाव्याचा क्रमांक देतं. तो मी मावशींच्या पासबुकाच्या पाठीमागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिते, तारखेसह. सोसायटीच्या पडताळणीला तीस दिवस, पुढे पंधरा, असे पंचेचाळीस दिवस नियमात आहेत. त्रुटी निघाली तर निरोप मुलाच्या मोबाइलवर जाणार, म्हणून त्यालाही सांगून ठेवते की इंग्रजी मेसेज आला तर पुसू नको, आईला कळव. आणि दोघांनाही एक गोष्ट: "रिफंड सोडवून देतो, आधी पाचशे भरा" असा फोन आला की तो ठेवून द्यायचा. खऱ्या परताव्याला फी नसते.

दीडला डबा. घर मागेच आहे.

तीननंतर अंगठ्यावर पैसे काढणारे येतात. कापूस वेचून, विटा उचलून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन दोनदा-तीनदा नाही म्हणतं. दर वेळी मशीनवर काय उमटलं ते मी वाचून दाखवते आणि पावती दिल्याशिवाय कोणाला उठू देत नाही. ‘व्यवहार फेल’ सांगून पैसे काढून घेणारेही जगात आहेत. ज्यांना अंगठ्याची रोज गरज नाही, त्यांचे बायोमेट्रिक मी त्यांच्यासमोर आधारच्या ॲपमधून लॉक करून देते. पाहिजे तेव्हा उघडता येतं. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारा मास्क्ड आधार काढून देते. मे 2022 मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूच्या कार्यालयाने लोकांना नेमकं हेच सांगितलं होतं. गैरसमज होतो म्हणून दोनच दिवसांत ते निवेदन मागे घेतलं गेलं. माझ्या मते मूळ सल्ला योग्यच होता.

संध्याकाळी साडेपाचला निवृत्त गुरुजी येतात. त्यांचा मुलगा शिकागोजवळ, इलिनॉय राज्यात असतो. त्याला ईमेल आला आहे की फेसबुकच्या दाव्यातले पैसे पाठवतोय. "पोरी, हे खरं हाय का फसवणूक?" गुरुजींना मुलाच्या पैशाची काळजी, मला उत्सुकता. आम्ही दोघं नीट पाहतो.

तिथं दोन वेगवेगळी प्रकरणं झाली आहेत. इलिनॉयमध्ये 2008 पासून कायदा आहे की कोणाचा अंगठा, चेहरा, डोळा त्याच्या लेखी संमतीशिवाय साठवायचा नाही; साठवला तर तो माणूस स्वतः न्यायालयात जाऊ शकतो. फोटोंतले चेहरे आपोआप ओळखण्यावरून फेसबुकवर तिथं दावा झाला, 65 कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि मे 2022 पासून सुमारे सोळा लाख लोकांना प्रत्येकी 397 डॉलर मिळू लागले. म्हणजे तीस हजार रुपयांवर. गुरुजींच्या मुलाला तो चेक आलेला आहे. दुसरं प्रकरण फेसबुकवरची लोकांची माहिती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या हाती गेल्याचं, 72.5 कोटी डॉलरचं. त्याचे पैसे 2025 च्या शरद ऋतूत निघाले, माणशी तीस डॉलरच्या आसपास. मुलाने 2023 मध्ये वेळेत दावा भरला होता. दाव्याचा क्रमांक त्याच्या जुन्या ईमेलमध्ये सापडतो का ते पाहा आणि ईमेलमधल्या दुव्यावर न जाता दाव्याच्या अधिकृत पानावर जाऊन तो ताडून घ्या, एवढं मी गुरुजींना कागदावर लिहून देते.

त्याच केंब्रिज ॲनालिटिकाच्या प्रकरणात फेसबुकने भारतातल्या 5,62,455 लोकांची माहिती गेली असण्याची शक्यता कळवली होती. जानेवारी 2021 मध्ये सीबीआयने गुन्हाही नोंदवला. पण वापरकर्ता अमेरिकेतला असेल तरच त्या तडजोडीत वाटा. गुरुजींच्या मुलाच्या माहितीला किंमत मिळाली, लोहाऱ्यातल्या कोणाची गेली असेल तर तिला नाही. हा फरक देशातल्या माणसांचा नाही, कायद्याचा आहे.

साडेसातला गर्दी ओसरते. दिवसाच्या अर्जांचे क्रमांक वहीत उतरवते, घेतलेल्या झेरॉक्स फाडते, संगणकाच्या डाउनलोडमधले आधार पुसते. हे करताना आपल्या नव्या कायद्याचा विचार रोज येतो. 2023 चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, नोव्हेंबर 2025 मध्ये आलेले त्याचे नियम. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड, ही चांगली गोष्ट. पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ, ज्याच्या आधारे नुकसानभरपाई मागता येत होती, ते या कायद्याने वगळायचं ठरवलं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी पूर्वी बँकांना ग्राहकांना भरपाई द्यायला लावलेली आहे. म्हणजे वाट होती, ती रुंद करायची सोडून अरुंद होते आहे. अंगठा काकाजींचा, नुकसान काकाजींचं, तर भरपाईतही काकाजींचा वाटा असला पाहिजे. निवडणुकीच्या वेळी मत मागायला येणाऱ्यांना हे विचारा.

ते होईपर्यंत आपल्या हातात जेवढं आहे तेवढं करा. आज रात्री घरातल्या प्रत्येकाचं बँक सीडिंग स्टेटस पाहा. ठेवीची मूळ पावती कोणालाही देऊ नका. सहाराचा दावा राहिला असेल तर कागद घेऊन जवळच्या केंद्रात जा. फसवणुकीने पैसे कापले गेले तर उजाडायची वाट न पाहता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.